आठवड्याच्या स्वयंपाकाची पूर्वतयारी

आठवड्याच्या स्वयंपाकाची पूर्वतयारी म्हणजे पुढील काही दिवसांच्या जेवणासाठी लागणारी निवडणे, चिरणे, वाटणे, उकडणे, शिजवणे व साठवणे ही कामे एकाच बैठकीत, साधारणतः सुट्टीच्या दिवशी, उरकून ठेवण्याची घरगुती पद्धत होय. या पद्धतीत संपूर्ण पदार्थ रांधून ठेवले जातात किंवा पदार्थांचे केवळ घटक (उकडलेली डाळ, कांदा-खोबऱ्याचे वाटण, मोड आलेली कडधान्ये, निवडलेल्या भाज्या) तयार ठेवून दररोज ताजी फोडणी दिली जाते. महाराष्ट्रात दुसरा प्रकार अधिक रूढ आहे. कामाच्या बैठकीपूर्वी स्वयंपाकघराची योग्य मांडणी करणे हा या पद्धतीचा पाया मानला जातो. कारण मोठ्या प्रमाणावर केलेल्या स्वयंपाकात जागा, शेगडी, भांडी आणि शीतकपाट या चारही गोष्टींवर एकाच वेळी ताण येतो.

प्रस्तुत लेखात या पद्धतीचे सर्वसाधारण स्वरूप दिले असून, मुंबईच्या पूर्व उपनगरांतील, विशेषतः कांजूरमार्ग परिसरासारख्या दाट वस्तीतील लहान स्वयंपाकघरांच्या अनुषंगाने तिचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

एकदा कष्ट करून अनेक दिवसांची सोय करणे मराठी स्वयंपाकाला नवे नाही. उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे, शेवया यांची वाळवणे घालणे, वर्षभराचा गोडा मसाला किंवा तिखट कांडून ठेवणे, थालीपिठाची भाजणी व मेतकूट दळून आणणे, दिवाळीपूर्वी चकल्या, शेव, चिवडा, लाडू, करंज्या यांचा फराळ एकत्र जमून करणे ही सारी घाऊक स्वयंपाकाचीच रूपे होत. प्रवासाच्या शिदोरीसाठी पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून दशम्या केल्या जात. त्या साध्या भाकरीपेक्षा अधिक काळ मऊ राहतात. श्रावणातील शीतला सप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशी रांधलेले अन्न खाण्याचा प्रघात आहे.

मात्र या परंपरेतील बहुतेक पदार्थ टिकाऊ आहेत. त्यांतील पाणी वाळवून, भाजून किंवा तळून काढून टाकलेले असते. लोणच्यात मीठ, आम्लता व तेल हे काम करतात. ओले, शिजवलेले अन्न अनेक दिवस ठेवणे ही गोष्ट घरोघरी शीतकपाट आल्यानंतरच शक्य झाली. त्यामुळे वाळवणाचे नियम आमटीला किंवा उसळीला लागू पडत नाहीत. हा फरक लक्षात न घेतल्याने पूर्वतयारीतील अनेक चुका घडतात.

विसाव्या शतकात या बदलाला आणखी काही गोष्टींनी हातभार लावला. १९५९ च्या सुमारास भारतीय बनावटीचे प्रेशर कुकर बाजारात आले व डाळ, कडधान्ये, बटाटे थोड्या इंधनात शिजू लागले. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ (१९७०) या पुस्तकातील वाटी-चमच्याच्या प्रमाणांमुळे पदार्थाचे प्रमाण दुप्पट-चौपट करणे नवशिक्यांनाही सोपे झाले. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीमुळे मुंबईतील अनेक इमारतींत नळाने गॅस येऊ लागला व ऐन कामात सिलिंडर संपण्याची चिंता तेथे उरली नाही.

स्वयंपाकघराच्या मांडणीचा शास्त्रीय विचार युरोपात याआधीच सुरू झाला होता. वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये जर्मनीतील कामगार वसाहतींसाठी ‘फ्रँकफर्ट किचन’ आखले. सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब अशा त्या खोलीत प्रत्येक वस्तूची जागा कामाच्या क्रमानुसार ठरवलेली होती. कमी जागेत कमी पावले टाकून काम व्हावे, हे त्यामागील सूत्र मुंबईच्या सदनिकांनाही लागू पडते.

कांजूरमार्ग व पूर्व उपनगरांतील परिस्थिती

कांजूरमार्ग हे मध्य रेल्वेवरील विक्रोळी व भांडुप या स्थानकांमधील स्थानक असून हा परिसर बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या एस विभागात मोडतो. रेल्वेमार्गाच्या पश्चिमेस लाल बहादूर शास्त्री मार्ग व पवईकडे जाणारा रस्ता, तर पूर्वेस पूर्व द्रुतगती महामार्ग आहे. जुनी गावठाणे, चाळी, झोपडपट्टी पुनर्वसन इमारती आणि नवे मनोरे अशी संमिश्र वस्ती येथे आढळते.

पुनर्वसन योजनेतील सदनिकांचे चटई क्षेत्र प्रारंभी २२५ चौरस फूट होते. ते पुढे २६९ व त्यानंतर ३०० चौरस फूट करण्यात आले. अशा घरात स्वयंपाकाचा ओटा बहुधा एका भिंतीलगत असतो. त्यावर दोन बर्नरची शेगडी, मिक्सर व पाण्याचे भांडे ठेवल्यावर चिरण्यासाठी हातभर जागा उरते. लोकल गाडीने नोकरीवर जाणाऱ्यांना सकाळी डबा भरून वेळेवर निघावयाचे असते व परतण्यास रात्र होते. त्यामुळे आठवड्याच्या कामाचा मोठा भाग रविवारवर येतो. दमट हवा, पावसाळ्यात बंद ठेवाव्या लागणाऱ्या खिडक्या आणि ठरावीक वेळीच येणारे नळाचे पाणी यांचाही विचार मांडणी करताना करावा लागतो.

बैठकीपूर्वीचे नियोजन

तयारीचा आरंभ ओट्यापासून न होता कागदापासून होतो. आठवड्यातील किती जेवणे घरी होणार, डबे किती, उपवास कोणाचे, पाहुणे कधी, याची नोंद करून त्यावरून पदार्थ ठरवले जातात. चार जणांच्या कुटुंबासाठी पहिल्याच प्रयत्नात सात दिवसांचा स्वयंपाक करण्यापेक्षा तीन दिवसांपुरती तयारी करणे व आठवड्याच्या मध्यास छोटी दुसरी बैठक घेणे अधिक सोयीचे व सुरक्षित ठरते.

काही कामे आधीपासून सुरू करावी लागतात. मटकी किंवा मूग आठ ते दहा तास भिजवून, निथळून, फडक्यात बांधल्यावर मोड येण्यास हवामानानुसार आणखी अर्धा ते एक दिवस लागतो. म्हणजे रविवारी सकाळी उसळ करावयाची असल्यास कडधान्य शुक्रवारी रात्री भिजत घालावे लागते. वाटाणे, चवळी, छोले आदल्या रात्री भिजवले तरी चालते. बर्फाचे साचेही आदल्या दिवशीच भरून ठेवतात. त्यांचा उपयोग पुढे अन्न थंड करताना होतो.

बाजारहाट शनिवारी संध्याकाळी झाल्यास पालेभाजी रात्रीच निवडून ठेवता येते. मासळी व मटण मात्र त्याच दिवशी आणून त्याच दिवशी शिजवणे इष्ट असते.

स्वयंपाकघराची मांडणी

ओटा मोकळा करणे. रोज न लागणाऱ्या वस्तू, म्हणजे बरण्या, वर्तमानपत्रे, औषधांच्या बाटल्या, वाळत घातलेली भांडी, बैठकीपुरत्या दुसऱ्या खोलीत हलवल्या जातात. लहान घरात हीच सर्वांत उपयुक्त पायरी ठरते. ओटा साबणाने धुऊन कोरडा केला जातो. मोरी किंवा सिंक रिकामे असणे आवश्यक असते. खरकट्या भांड्यांनी भरलेल्या सिंकमध्ये भाजी धुणे आरोग्यास घातक आहे.

कामाचे चार भाग. ओटा एकच असला तरी त्याचे मनाशी चार भाग पाडले जातात: धुण्याचा, चिरण्याचा, शिजवण्याचा आणि निववण्याचा. काम धुण्याकडून शिजवण्याकडे एकाच दिशेने सरकावे, म्हणजे कच्चे व शिजलेले अन्न एकमेकांजवळ येत नाही. ओट्यावर चौथ्या भागास जागा नसल्यास जेवणाचे टेबल, घडीचे टेबल किंवा स्वच्छ फडके अंथरलेला पाट वापरतात. निवडणे व सोलणे ही कामे खाली बसून विळीवर किंवा ताटात करता येतात व तेवढा ओटा मोकळा राहतो.

उंची व प्रकाश. उभ्याने चिरताना ओटा कोपरापासून सुमारे १० ते १५ सेंटीमीटर खाली असल्यास खांद्यांवर ताण कमी येतो. ओटा उंच पडत असल्यास पायांखाली स्थिर पाटा घेतात. ठेंगणा असल्यास चिरण्याचा फळा जाड वापरतात. फळ्याखाली ओले फडके अंथरल्याने तो सरकत नाही. दोन-तीन तास उभे राहावे लागत असल्याने अधूनमधून बसून करण्याची कामे क्रमात पेरणे हितावह असते.

वायुवीजन. दोन्ही बर्नर दीर्घकाळ चालू राहत असल्याने खिडकी उघडी किंवा बाहेर हवा फेकणारा पंखा चालू ठेवणे आवश्यक असते. काम संपल्यावर शेगडीच्या बटणाबरोबरच सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा नळगॅसची कळ बंद केली जाते.

पाणी व कचरा. पाणी जाण्याच्या वेळेआधी पिंप, बादल्या व कळशी भरून ठेवतात. ओल्या कचऱ्याचा डबा पायाशी व सुक्याची पिशवी वेगळी ठेवली जाते. पूर्वतयारीच्या दिवशी साली, देठ, टरफले असा ओला कचरा एरवीपेक्षा बराच जास्त निघतो. मुंबईच्या घनकचऱ्याचा मोठा हिस्सा कांजूरमार्ग येथील क्षेपणभूमीवर येत असल्याने व दुर्गंधीबाबत आसपासच्या रहिवाशांच्या तक्रारी वारंवार येत असल्याने, या परिसरात ओला कचरा वेगळा काढणे व शक्य तेथे त्याचे खत करणे याला विशेष महत्त्व आहे.

भांडी व साधने

या कामासाठी नवी उपकरणे लागतातच असे नाही. पुढील साधने सामान्यतः पुरेशी ठरतात:

- आत दोन किंवा तीन डबे बसणारा प्रेशर कुकर व एक जाड बुडाची कढई;
- दोन मोठी पातेली किंवा टोप, एक पसरट परात व एक रोळी;
- दोन सुऱ्या व दोन फळे: एक भाज्यांसाठी, दुसरा मासे-मटणासाठी;
- किसणी, मिक्सर, झारा, डाव, सांडशी आणि मिसळणाचा डबा;
- एकाच मापाचे, एकावर एक बसणारे, घट्ट झाकणाचे उथळ डबे;
- स्वच्छ फडकी, कागदी चिकटपट्टी व पेन.

कुकर दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. फेस येणारी डाळ किंवा कडधान्ये असल्यास तो निम्म्यापर्यंतच भरावा. घाऊक स्वयंपाकात अधिक माल कोंबण्याचा मोह होतो आणि शिट्टीचे छिद्र चोंदून अपघात संभवतो. चिंच, कोकम, टोमॅटो किंवा ताक असलेले आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या अथवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात साठवू नयेत. त्यांसाठी स्टेनलेस स्टील किंवा काच योग्य होय.

कामांचा क्रम

दोन बर्नरच्या शेगडीवर सुमारे तीन तासांची बैठक पुढील क्रमाने होऊ शकते:

१. सर्व भाज्या एकदम धुऊन रोळीत निथळत ठेवणे.
२. एका बर्नरवर कुकर चढवणे: डाळ, बटाटे व कडधान्य वेगवेगळ्या डब्यांत.
३. कुकर होईपर्यंत कांदा, टोमॅटो, आले, लसूण, कोथिंबीर चिरणे किंवा सोलणे.
४. दुसऱ्या बर्नरवर प्रथम कोरडी कामे करणे: दाणे, तीळ, सुके खोबरे भाजणे. यामुळे कढई धुवावी लागत नाही.
५. त्याच कढईत तेलावर कांदा-खोबरे परतणे. ते निवेपर्यंत मिक्सरमध्ये दाण्याचे कूट व कोरड्या चटण्या करून घेणे.
६. त्यानंतर ओले वाटण करणे व उसळ, रस्सा किंवा भाजी शिजवणे.
७. शेवटी मासे-मटणाचे काम करणे व फळा, सुरी, सिंक गरम पाण्याने व साबणाने धुणे.
८. पदार्थ निववून, डब्यांत भरून, नाव व तारीख लिहून शीतकपाटात ठेवणे.

कोरडे आधी, ओले नंतर; सौम्य आधी, तिखट नंतर; शाकाहारी आधी, सामिष शेवटी, असे या क्रमाचे सूत्र सांगता येईल. त्यामुळे भांडी धुण्याचा खेप कमी होतो व एका पदार्थाचा वास दुसऱ्यास लागत नाही.

पोळ्या व भाकऱ्या या क्रमात सहसा येत नाहीत. भिजवलेली कणीक शीतकपाटातही एक-दोन दिवसांत काळवंडते व सैल होते. भातही रोज ताजाच लावणे श्रेयस्कर असते. त्याचे कारण पुढे दिले आहे.

अन्न थंड करणे व साठवण

पूर्वतयारीतील सर्वांत नाजूक टप्पा शिजवण्याचा नसून निववण्याचा आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात बहुतेक रोगकारक जीवाणू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार शिजवलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये व शीतकपाटात ते ५ अंशांखाली ठेवावे. अमेरिकेच्या अन्नसंहितेत उपाहारगृहांसाठी अधिक नेमका नियम आहे: अन्न ५७ पासून २१ अंशांपर्यंत दोन तासांत व तेथून ५ अंशांपर्यंत पुढील चार तासांत उतरले पाहिजे.

मुंबईच्या उकाड्यात झाकण लावून ओट्यावर ठेवलेले मोठे पातेले या मुदतीत निवत नाही. वरची आमटी कोमट झाली तरी मधला भाग कित्येक तास उबदार राहतो. म्हणून अन्न परातीत किंवा उथळ डब्यांत दोन इंचांपेक्षा कमी थरात पसरतात, ते भांडे बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून डावाने ढवळतात व वाफ गेल्यावर लगेच शीतकपाटात ठेवतात. रात्री निवत ठेवून सकाळी आत ठेवण्याची सवय धोकादायक आहे.

भातात ‘बॅसिलस सिरियस’ या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवण्याने मरत नाहीत. भात तसाच बाहेर राहिल्यास ते वाढून विष तयार करतात व उलटी घडवणारे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. मोठ्या पातेल्यात सावकाश निवणाऱ्या मटणाच्या रश्शात ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ वाढण्याचा संभव असतो. तेलात बुडवलेला कच्चा लसूण सामान्य तापमानात ठेवल्यास बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. असे वाटण शीतकपाटातच ठेवून लवकर संपवावे. अन्नाला वास किंवा बुरा नसणे हा ते सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हे.

शीतकपाटात शिजवलेले अन्न वरच्या फळ्यांवर आणि कच्चे मासे-मटण झाकून सर्वांत खाली ठेवतात, म्हणजे त्याचे पाणी अन्य अन्नावर ठिबकत नाही. डब्यांमध्ये हवा खेळण्यापुरती जागा सोडावी लागते. शिजवलेले पदार्थ साधारणपणे तीन ते चार दिवसांत संपवावेत. ओल्या नारळाचे पदार्थ त्याहून लवकर उतरतात. ते आधी संपवणे चांगले. अधिक काळासाठी उणे १८ अंशांच्या गोठणकप्प्यात किसलेला नारळ, वाटणे, मटार व रस्से ठेवता येतात. उकडलेला बटाटा गोठवल्यास भुसभुशीत होतो.

खाताना लागेल तेवढाच भाग काढून तो पूर्ण वाफ येईपर्यंत गरम केला जातो. पातळ पदार्थास उकळी आणली जाते. एकच डबा वारंवार गरम करून पुन्हा थंड करणे टाळावे. यासाठीच एका मोठ्या डब्याऐवजी एका वेळच्या जेवणाचे लहान डबे भरण्याची शिफारस केली जाते.

वीज खंडित झाल्यास

शीतकपाटावर अवलंबून असलेली ही पद्धत वीज जाताच अडचणीत येते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई उपनगरांच्या अनेक भागांत वीजपुरवठा बराच काळ बंद होता. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशात मोठ्या प्रमाणावर वीज गेली होती. दार न उघडल्यास शीतकपाट सुमारे चार तास, भरलेला गोठणकप्पा सुमारे ४८ तास व अर्धा भरलेला २४ तास पुरेसा थंड राहतो. त्यानंतर शिजवलेले अन्न, मासे, दूध यांबाबत शंका असल्यास ते टाकून देणे योग्य. पावसाळ्यात म्हणूनच बैठकीतील तयारी कमी दिवसांची ठेवतात व भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या यांसारख्या टिकाऊ पदार्थांवर भर देतात.

सामाजिक संदर्भ

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, भारतात सहा वर्षांवरील ८१.२ टक्के स्त्रिया व २६.१ टक्के पुरुष विनामोबदला घरकामात सहभागी होते. सहभागी स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे खर्च करत होते. पूर्वतयारीमुळे रोजची धावपळ कमी होते. मात्र सारे काम एकाच व्यक्तीने केल्यास तिची आठवड्याची एकमेव सुट्टी खर्ची पडते. श्रम कमी न होता केवळ रविवारकडे सरकतात, असा आक्षेप म्हणूनच घेतला जातो. दुसरीकडे, कामांची यादी भिंतीवर लावलेली व डब्यांवर नावे लिहिलेली असल्यास सोलणे, निवडणे, भरणे, धुणे ही कामे घरातील पुरुषांना व मुलांना वाटून देता येतात. कोणती वस्तू कोठे आहे हे एकाच व्यक्तीच्या डोक्यात न राहणे, हा चांगल्या मांडणीचा मोठा लाभ होय.

घरात हे शक्य नसलेल्यांची गरज मुंबईत दीर्घकाळ खानावळींनी भागवली. गिरणगावातील खानावळवाल्या स्त्रियांना संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. त्याआधी, १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी सुरू केलेल्या लिज्जत पापडाच्या उद्योगानेही घरातील घाऊक पाककौशल्यास उत्पन्नाचे साधन बनवले होते. आज उपनगरांतील पोळी-भाजी केंद्रे हीच गरज भागवतात. घरी आगाऊ तयारी करणारी अनेक कुटुंबे पोळ्या मात्र अशा केंद्रांतून आणतात. अन्न विकावयाचे असल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी किंवा परवाना आवश्यक असतो.

मतभेद व मर्यादा

शिळ्या अन्नाविषयीचा परंपरागत संकोच हा या पद्धतीसमोरील प्रमुख सांस्कृतिक अडसर आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात रांधून बराच काळ लोटलेले व शिळे अन्न तामस गणले आहे. व्यवहारात मात्र फोडणीची पोळी व फोडणीचा भात हे शिळ्या अन्नाचेच आवडीने खाल्ले जाणारे पदार्थ होत. घटक तयार ठेवून फोडणी रोज ताजी देण्याची पद्धत या दोहोंमधील तडजोड म्हणून स्वीकारली गेलेली दिसते. तिच्यात चव टिकते व रोजच्या स्वयंपाकाचा वेळ कमी होतो.

पालेभाज्या, काकडी-टोमॅटोच्या कोशिंबिरी, तळलेले पदार्थ व भाकरी या पद्धतीस अनुकूल नाहीत. चिरलेल्या भाज्यांतील क जीवनसत्त्व साठवणीत कमी होत जाते. म्हणून पालेभाज्या निवडून, पण न चिरता ठेवतात. शीतकपाट लहान असल्यास किंवा नसल्यास ओल्या पदार्थांची आगाऊ तयारी करू नये. तेव्हा मसाले, कूट, भाजण्या व निवडलेले धान्य इतकीच तयारी सुरक्षित असते.

हेही पहा

वाळवण · दिवाळीचा फराळ · पोळी-भाजी केंद्र · मुंबईचे डबेवाले · अन्नसुरक्षा · कांजूरमार्ग